राजीनामा आणि राजीखुशी
(मंडळाच्या पारनेर येथील वार्षिक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आणि त्यानंतर चिटणीसांनी गेल्या वर्षभरात नोकरीस लागलेल्या मुलामुलींची यादी वाचून दाखविली. तीत मुलींची संख्या लक्षात येण्याजोगी होती. ज्या तालुक्यातील माणसे पाण्यावाचून आणि कामावाचून मुंबईची वाट धरीत, त्या तालुक्यातील मुली आज सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, रांजणगावच्या कारखान्यांत, नगर-पुण्याच्या रुग्णालयांत, पतसंस्थांत, शाळांत आणि कचेऱ्यांत काम करीत आहेत. कोणाही ज्ञातिहितचिंतकास यात समाधानच वाटेल.

परंतु या यादीला लागूनच दुसरी एक यादी असते. ती चिटणीसांच्या दप्तरात नसते आणि व्यासपीठावरून कोणी वाचीतही नाही. नोकरी सोडून घरी परत आलेल्या मुलींची ती यादी होय. लग्नामुळे, बाळंतपणामुळे, सासूच्या आजारपणामुळे ज्यांनी नोकरी सोडली त्यांचा प्रश्न निराळा. तो आजचा विषय नव्हे. जिच्या वरिष्ठाने वा सहकाऱ्याने तिच्या अंगचटीस जाण्याचा प्रयत्न केला, नको ते बोलणे बोलले, नोकरीत कायम करण्याच्या मोबदल्यात नको ती अपेक्षा सुचविली, रात्री-अपरात्री भ्रमणध्वनीवर मजकूर धाडले आणि या साऱ्याला वैतागून किंवा भिऊन जिने एके दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला, तिच्याविषयी आम्ही बोलणार आहोत. विषय सभेत उच्चारण्यास अवघड आहे. असले व्याख्यान स्मरणिकेत छापावे किंवा कसे, याविषयी काही ज्येष्ठांच्या मनात किंतु होता, हेही आम्ही जाणतो. अध्यक्षांनी तो किंतु बाजूस सारून अनुमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

प्रथम ‘राजीनामा’ या शब्दाकडेच पाहू. शब्द फारसी आहे. राजी म्हणजे खुषी, संमती. नामा म्हणजे लेख. ज्या कागदाने माणूस आपली संमती लिहून देतो, तो राजीनामा. आपल्या वडीलधाऱ्यांना हा शब्द नोकरीच्या आधी जमिनीच्या दप्तरातून माहीत होता. खातेदाराने जमीन सोडावयाची तर तो राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई. त्या दप्तरांत ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असे शब्द असत. किती खातेदारांनी ते खरोखर राजीखुशीने लिहून दिले, हे ज्याच्या घरची जमीन गेली त्यालाच विचारावे.

या तालुक्यास ही गोष्ट फार लांबची नाही. इ.स. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे (हे आपले सुपे नव्हे, पुणे जिल्ह्यातील) शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. ते लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यात आले आणि पारनेर तालुकाही त्यातून सुटला नाही. त्या दंग्यांचा विशेष असा की, जमावाला पैसा-अडका फारसा नको होता आणि कोणाचा जीवही नको होता. त्याला हवी होती खतपत्रे. ती मिळाली की चावडीपुढे जाळावयाची आणि घरी जावयाचे. आपणच ज्यावर अंगठा उमटविला ते कागद जाळण्यास माणसे का धावली? कारण अंगठा उमटविताना पोटात दुष्काळ होता, दारात सावकार उभा होता आणि कागदात काय लिहिले आहे हे वाचून सांगणाराही सावकाराचाच कारकून होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांपुरता होता. कायदा सर्वांगी चांगला होता असे आमचे म्हणणे नाही; त्यातही सावकारांनी पळवाटा काढल्याच. परंतु त्यातील एक तरतूद आम्हांस आजही मोठी वाटते. कुळाची सही किंवा अंगठा कागदावर आहे एवढ्यावर न्यायाधीशाने थांबू नये. देवघेव मुळात कशी सुरू झाली, तेव्हापासूनचा साराच व्यवहार खणून पाहावा, अशी ती तरतूद होती. कागदाच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. आपल्या चार जिल्ह्यांतील अडाणी म्हणविल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी तो मिळवून दिला.

कर्जखतांची ही कथा आम्ही येथे का सांगत आहोत, हे सुज्ञ श्रोत्यांच्या ध्यानी आले असेल. नोकरी सोडणाऱ्या मुलीचा राजीनामाही असाच कागद आहे. त्यावर सही तिची असते. मजकूर मात्र बहुधा एकच असतो: ‘घरगुती कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.’

पुरुषांच्या राजीनाम्याला आपल्याकडे केवढी प्रतिष्ठा आहे पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले, तेव्हा हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा आणि इतर कारणे त्यांनी निवेदनाद्वारे देशापुढे मांडली. स्त्रियांच्या हक्कांसाठी एका पुरुषाने केलेला तो त्याग होता, हे आमच्या भगिनींनी विसरू नये. १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. दोघांनीही कारण लिहिले, उच्चारले आणि लोकांनी ते ऐकून घेतले. आता एखाद्या पतसंस्थेत रोखपालाचे काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीचा राजीनामा घ्या. तिचे कारण देशमुखांच्या कारणाहून तिच्यापुरते कमी गंभीर नसते. पण ती ते लिहीत नाही.

न लिहिण्याची कारणे आम्ही वधूवर-सूचीच्या कामानिमित्त घरोघरी जाताना ऐकली आहेत आणि ती पोकळ नाहीत. पुढची नोकरी मिळण्यास अनुभवाचा दाखला लागतो आणि तो ज्याच्या सहीने मिळावयाचा, तोच पुष्कळदा तक्रारीचा विषय असतो. महिन्याचा पगार अडकलेला असतो. घरी कळले तर वडील भाऊ काय करून बसेल याची धास्ती असते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, तो काहीच न करता ‘तूच काही केले असशील’ म्हणेल, ही धास्ती असते. लहान गावात सारे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे सायंकाळपर्यंत बाजारतळावर गोष्ट जाते आणि जाताना तिचे रूप बदलते. या सर्वांहून एक कारण आम्हांस अधिक बोचते. आपल्याकडे बहुतेक मुलींना नोकरी कोणाच्या तरी शब्दावर लागते. ज्ञातीतील एखादे वजनदार काका संस्थेच्या अध्यक्षांकडे शब्द टाकतात. मग मुलीला वाटते की, आपण तक्रार केली तर काकांचा शब्द खाली पडेल. उपकाराच्या या ओझ्याखाली तिचे तोंड बंद होते. काकांना तर याचा पत्ताही नसतो. ते पुढच्या मेळाव्यात म्हणतात, ‘लावून दिली होती हो, पण पोरीने टिकविली नाही.’

हे दुःख केवळ आपल्याच तालुक्याचे किंवा आपल्याच देशाचे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथे कार्मिटा वुड नावाच्या बाई आठ वर्षे कार्यालयीन साहाय्यक म्हणून काम करीत होत्या. एका प्राध्यापकाच्या अंगलटीमुळे त्यांना काम करणे असह्य झाले, प्रकृती बिघडली; त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागितली, ती मिळाली नाही आणि १९७४ साली त्यांनी नोकरी सोडली. त्या देशात बेकार झालेल्यास काही काळ भत्ता मिळतो. तो मागण्यास त्या गेल्या तेव्हा अर्जात नोकरी सोडण्याच्या कारणाचा रकाना होता. घडले ते सांगण्याची त्यांना लाज वाटली आणि सांगावयाचे म्हटले तरी त्याला नावच नव्हते. शेवटी त्या रकान्यात ‘वैयक्तिक कारण’ एवढेच गेले. अर्ज नामंजूर झाला. आमच्या मुली लिहितात त्या ‘घरगुती कारणा’चेच हे इंग्रजी रूप नव्हे काय?

वुडबाई मात्र तेथे थांबल्या नाहीत. विद्यापीठात स्त्रिया आणि श्रम या विषयावर शिकविणाऱ्या लिन फार्ली आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया यांच्याकडे त्या गेल्या. बोलता बोलता कळले की तेथे जमलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या गाठीस असा काही प्रसंग होता. या प्रकाराला नाव काय द्यावे याचा त्यांनी खल केला आणि १९७५ साली इथाका गावी स्त्रियांची जाहीर सभा भरविली, जीत बायका उठून उभ्या राहिल्या आणि आपापली हकीकत सांगू लागल्या. ज्याला आपण आज मराठीत ‘लैंगिक छळ’ म्हणतो, तो इंग्रजी शब्दप्रयोग त्या खटाटोपातून रूढ झाला. एका बाईच्या राजीनाम्याला कारण लिहिता येईना, म्हणून जगाला हा शब्द सापडला.

आमच्या भाषेची गोष्टही काही वेगळी नाही. ‘छेडछाड’ म्हटले की प्रकार थट्टेवारी जातो. ‘विनयभंग’ म्हटले की भंग पावले ते तिच्याकडचे, असा ध्वनी उमटतो, जणू करणाऱ्याचे काही मोडलेच नाही. ‘अब्रू गेली’ हे तर सरळच तिच्या खाती लिहिलेले नुकसान. शेतात, रोजगार हमीच्या कामावर, विडीच्या कारखान्यात मुकादमाने केलेले चाळे आमच्या आज्यांनी सोसले. त्याविषयी त्या ‘मेल्याची नजर वाईट’ एवढेच बोलत. ‘लैंगिक छळ’ हा शब्द काही मंडळींना कानाला खरखरीत लागतो. परंतु त्यात छळ करणारा कोणी तरी आहे हे निदान गृहीत आहे.

आपल्या देशात कायद्याला या प्रश्नाची जाग आली तीही एका काम करणाऱ्या बाईमुळेच, आणि तीत जातीचा भाग मोठा होता, म्हणून ज्ञातिमेळाव्यात ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. राजस्थानात जयपूरनजीक भटेरी गावी भंवरीदेवी नावाची कुंभार समाजातील स्त्री सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करी. १९९२ साली तिने आपल्या कामाचा भाग म्हणून एका तान्ह्या मुलीचा विवाह रोखण्याचा प्रयत्न केला. सूड म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तिची फिर्याद आहे. गावाने तिच्या घराशी व्यवहार तोडले. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना अत्याचाराच्या आरोपातून मुक्त केले आणि उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करणार नाहीत, अशा आशयाचे तर्कट त्या निकालात होते. त्याविरुद्ध देशभर संताप उसळला. कामाच्या जागी स्त्रीचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणाचीच नाही काय, हा प्रश्न ‘विशाखा’ आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे ती तत्त्वे कागदावरच राहतात हे पाहून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्याची याचिका झाली आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंमलबजावणीचे आदेश निघाले. २०१३ साली संसदेने कायदा केला आणि तो त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून लागू झाला.

आता ज्या प्रकरणामुळे आम्ही आजचा विषय निवडला त्याकडे वळू. राजीनामा देणारी मुलगी साधी कारकून असेल, अल्पशिक्षित असेल, तिला कायदा ठाऊक नसेल, म्हणून ती गप्प बसत असेल, असा समज असणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य ऐकावे. यातील स्त्री अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश होती. ग्वाल्हेर येथे तिची नेमणूक होती आणि जिल्ह्याच्या विशाखा समितीची ती स्वतः अध्यक्षा होती. म्हणजे इतर बायकांच्या तक्रारी जिच्यापुढे याव्यात, ती ही स्त्री. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींकडून आपणांस त्रास होतो, असा तिचा आरोप होता. जुलै २०१४ मध्ये, मुलीचे बारावीचे वर्ष सुरू असता, तिची दूर सीधी येथे बदली झाली. मुलीची परीक्षा होईपर्यंत येथेच राहू द्यावे, अशी विनंती तिने केली, पुन्हा केली. ती नाकारली गेली. १५ जुलै २०१४ रोजी तिने राजीनामा दिला आणि तो दोन दिवसांत मंजूरही झाला. सरकारी कामात एवढी तत्परता आपण इतरत्र क्वचितच पाहतो.

या प्रकरणी निःपक्षपातीपणे बोलले पाहिजे. राज्यसभा सदस्यांच्या ठरावावरून नेमलेल्या चौकशी समितीने २०१७ साली दिलेल्या अहवालात लैंगिक छळाचा आरोप पुरेशा पुराव्याअभावी सिद्ध होत नसल्याचे म्हटले. मात्र त्याच समितीने तिची बदली नियमास सोडून झाल्याचे म्हटले. पुढे ही स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने आरोपाच्या खरेखोटेपणात न शिरता एकच प्रश्न घेतला: हा राजीनामा राजीखुशीचा होता काय? १० फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. निकालपत्र न्या. गवई यांनी लिहिले. ते आपल्या अमरावतीचे आणि पुढे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. आईचे कर्तव्य एका बाजूला आणि न्यायाधीशाचे पद दुसऱ्या बाजूला अशा कोंडीत सापडलेल्या स्त्रीने परिस्थितीच्या दडपणाखाली दिलेला राजीनामा स्वेच्छेचा म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. तिला पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश झाला. मधल्या काळाचे वेतन मिळाले नाही, परंतु सेवा अखंड धरण्यात आली.

१८७९ च्या कायद्याने कुळाच्या अंगठ्यामागे जाऊन पाहण्यास सांगितले, २०२२ च्या निकालाने सहीमागे जाऊन पाहिले. दोन्हींत आम्हांस एकच न्यायबुद्धी दिसते. फरक एवढाच की कुळाला निदान शेजारच्या कुळांची साथ होती. ही स्त्री साडेसात वर्षे जवळजवळ एकटीने लढली. न्यायाधीशाला साडेसात वर्षे लागतात, तर पतसंस्थेतील मुलीने किती दम धरावा?

यासाठी कायद्याने तिच्या हाती काय दिले आहे, ते थोडक्यात सांगतो. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहांहून कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात काम करणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमावयाचा असतो आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत जिल्ह्यास पाठवावयाची असते. म्हणजे निघोजच्या वा टाकळी ढोकेश्वरच्या बाईने त्यासाठी नगरास खेटे घालू नयेत अशी ही व्यवस्था आहे. मालकच आरोपी असेल तरीही तक्रार या समितीकडेच जाते. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

राजीनाम्याच्या दृष्टीने दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत आणि त्या आमच्या मुलींना कोणी सांगत नाही. पहिली ही की, नोकरी सोडली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही. कायद्यातील व्याख्येप्रमाणे पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीत असली काय आणि नसली काय, सारखेच. मुदत मात्र घरी बसल्यानेही चालूच राहते, म्हणून रडून झाल्यावर दिनदर्शिका पाहावी. दुसरी ही की, चौकशी चालू असता तिला लेखी मागणी करून स्वतःची किंवा त्या माणसाची बदली मागता येते, आणि नेहमीच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. राजीनामा देण्यापूर्वी हा मार्ग आहे, हे जिला ठाऊक असेल ती कदाचित नोकरी सोडणार नाही. तरीही जिला तेथे आणखी एक दिवस राहवत नाही, तिला आम्ही ‘राहा’ म्हणणार नाही. घरात बसून धीराचे पाठ देणे फार सोपे असते. तिने जाताना कागदावर ‘घरगुती कारण’ मात्र लिहू नये. एका ओळीत खरे कारण लिहावे, तारीख घालावी, पोच घ्यावी आणि एक प्रत आईच्या ट्रंकेत ठेवावी. आलेले मजकूर पुसून टाकू नयेत. पुसून टाकण्याची इच्छा किती होते याची आम्हांस कल्पना आहे.

‘खोट्या तक्रारी होतात, त्याचे काय?’ हा प्रश्न आमच्या पुरुषबंधूंच्या मनात या क्षणी आहे, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद याच कायद्यात आहे. परंतु तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही पुरते म्हणणे मांडता आले पाहिजे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द केली, कारण समितीने चौकशी घाईघाईने उरकली होती; प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. त्याच निकालात या कायद्याची अंमलबजावणी देशभर किती ढिली आहे यावर न्यायालयाने खेद व्यक्त केला आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी जिल्हा अधिकारी व स्थानिक समित्या नेमण्याविषयी सर्व राज्यांना कालबद्ध आदेश दिले. अर्धवट चौकशीने बाईचेही भले होत नाही, एवढाच त्यातून घ्यावयाचा बोध.

येथवर सरकारचे आणि मालकाचे झाले. आता आपल्या घरचे बोलू.

आपल्या ज्ञातीत वाद झाला की चार मोठी माणसे बसतात आणि ‘आपसांत मिटवा’ म्हणतात. बांधाच्या भांडणात हे शहाणपणाचे असेल. या बाबतीत नाही. कायद्याप्रमाणे चौकशीपूर्वी तडजोड होऊ शकते, पण ती केवळ त्या स्त्रीने मागितली तर आणि समितीमार्फत. आणि पैसे हा त्या तडजोडीचा आधार असता कामा नये. तेव्हा एखाद्या मुलीच्या वडिलांना बोलावून ‘अमुक घ्या आणि विषय संपवा’ असे सांगण्याचा अधिकार कोणा पंचास नाही. तो ज्ञातीचा पंच असो, संस्थेचा संचालक असो, नाही तर दोन्ही असो. छळ करणारा आपल्याच ज्ञातीचा असला की आमची जीभ अडखळते आणि परक्या ज्ञातीचा असला की तीच जीभ तिखट होते, हेही आम्ही पाहिले आहे. त्या तिखटपणाचा त्या मुलीला काडीचा उपयोग होत नाही. तिच्या नावाने दोन ज्ञातींचे भांडण जुंपते आणि तिला विचारतो कोण? चौकशीतील नाव, गाव, मजकूर बाहेर फोडू नये असा कायद्याचा स्पष्ट दंडक आहे आणि तो मोर्चा काढणाऱ्यांनाही लागू आहे.

पारनेर ही सेनापती बापटांची जन्मभूमी. मुळशीच्या लढ्यात लोकांच्या हक्काच्या जमिनीसाठी त्यांनी तुरुंगवास पत्करला, हे येथल्या शाळकरी पोराला पाठ आहे. जमिनीवरचा हक्क म्हणजे काय हे आपल्याला पटकन कळते. मुलीचा तिच्या खुर्चीवरचा हक्कही असाच आहे. ती खुर्ची तिने परीक्षा देऊन, एस.टी.च्या पहिल्या गाडीने जाऊन, उन्हातान्हात चालून मिळविली. ती तिला सोडावी लागते आणि तो माणूस त्याच कचेरीत बसून राहतो, नव्या मुलीच्या मुलाखती घेतो. नव्या मुलीचे नाव पुढच्या वर्षी चिटणीस याच व्यासपीठावरून वाचतात आणि आपण टाळ्या वाजवितो. तेथे आधी कोण होती आणि ती का गेली, हे त्या मुलीला सांगणारे कोणी नसते, कारण पहिलीने ‘घरगुती कारण’ लिहिले होते.

राहता राहिला वधूवर-सूचीचा प्रश्न. ज्ञातिमंडळाची खरी सत्ता कोठे असेल तर ती या सूचीत आहे, हे आपण सारे जाणतो. सूचीच्या छापील अर्जात ‘पूर्वीची नोकरी’ आणि त्यापुढे ‘सोडण्याचे कारण’ असा रकाना आहे. तो कोणी आणि केव्हा घातला हे कोणास आठवत नाही. मुलांच्या अर्जात तो बहुधा कोरा असतो आणि त्याबद्दल कोणी विचारीत नाही. मुलीच्या अर्जात तो कोरा दिसला की वरपक्षाकडून दूरध्वनी येतो: ‘काही भानगड तर नव्हती ना?’ एका घरी आई आम्हांस म्हणाली, ‘खरे लिहिले तर लग्न मोडते, खोटे लिहिले तर पोरीला जन्मभर ते सांभाळावे लागते, मग काय लिहू सांगा.’ तिला उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते आणि तिने ते फार वेळ थांबून मागितलेही नाही. चहा टाकावयास ती आत गेली. कार्मिटा वुड यांच्यापुढे आला तोच हा रकाना आहे. फरक इतकाच की त्यांच्यापुढे तो सरकारी कारकुनाने ठेवला होता आणि आमच्या मुलींपुढे तो आपण ठेवतो.

तो रकाना पुढील आवृत्तीपासून मुले आणि मुली दोहोंच्या अर्जांतून काढून टाकावा, आणि कोणा वरपक्षाने असा प्रश्न मंडळामार्फत विचारल्यास मंडळाने तो पुढे पाठवू नये, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिलेली आहे. तीसोबत दुसरीही आहे: स्थानिक समितीकडे तक्रार देऊ इच्छिणाऱ्या कोणाही मुलीबरोबर जाण्यास मंडळातील दोन प्रौढ भगिनींनी तयार असावे, त्यांची नावे स्मरणिकेत न छापता केवळ महिला शाखेकडे ठेवावीत आणि येण्याजाण्याचा खर्च मंडळाने सोसावा. दोन्ही सूचना दुपारी अडीच वाजता सर्वसाधारण सभेपुढे यावयाच्या आहेत. नियमानुसार स्त्रीसभासदांनाही मत आहे. परंतु गेल्या मेळाव्यात त्या वेळी बहुतेक भगिनी पंगतीच्या मागे होत्या आणि मतदान त्यांच्यावाचूनच झाले. आज पंगत एक वाजता बसेल. वाढपाचे आणि भांड्यांचे काम तरुण मंडळींकडे सोपविले आहे, तसे चिटणीसांनी कबूल केले आहे. भगिनींनी अडीचच्या आत मंडपात येऊन पुढच्या रांगांत बसावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.